पलंग कोणाच्या मानाचा? बीडच्या वाटेवरील शय्येचा इतिहास

लग्नसराई जवळ आली की बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव येथील फर्निचरच्या दुकानांत एक दृश्य हमखास दिसते. वधूपिता, सोबत एखादा मामा आणि हिशेब सांभाळणारा भाऊ पलंगांच्या रांगेतून फिरत असतात. सागवानी घ्यावा की प्लायचा? उशाकडील फलक मखमलीचा असावा की कोरीव? खाली कप्पे हवेत की हायड्रॉलिक झाकण? दुकानदार ‘किंग साइज’ म्हणतो आणि वधूपिता मनात रक्कम जुळवतो. त्या पलंगावर जी झोपणार, ती मुलगी बहुधा तेथे नसते.

पलंग निवडणारा एक आणि झोपणारा दुसरा, ही गोष्ट नवी नाही. शय्या ही झोपेची वस्तू असण्याआधी मानाची वस्तू होती. हा धागा त्या मानाचा आहे.

आरंभ शब्दांपासून करावा लागतो. संस्कृत ‘पर्यंक’ प्राकृतात ‘पल्लंक’ झाला आणि मराठीत ‘पलंग’. ‘पालखी’ही त्याच कुळातली. तोच शब्द पोर्तुगीजांनी उचलला आणि युरोपात ‘पॅलँक्विन’ म्हणून रूढ झाला. संस्कृत ‘खट्वा’ची ‘खाट’ झाली आणि इंग्रजांनी तिचा ‘कॉट’ केला. तो ‘कॉट’ पुढे वसतिगृहांतून आणि इस्पितळांतून परत मराठीत आला, तेव्हा तो आपलाच आहे हे कोणाच्या लक्षातही राहिले नव्हते. ‘दिवाण’ची कथा अधिक गमतीची आहे. फारसीत ही आधी नोंदवही, मग कचेरी, मग त्या कचेरीतला अधिकारी आणि अखेर तेथली बैठक. मराठवाड्यातील घराघरांत भिंतीला टेकलेला, पोटात गोधड्या साठवणारा दिवाण हा असा महसूल खात्यातून आलेला आहे.

सहाव्या शतकात उज्जयिनीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त शय्या आणि आसन यांवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. पलंगासाठी कोणती झाडे चालतात याची यादी त्यात आहे. साग आणि साल ही लाकडे स्वतंत्रपणेही शुभ आणि एकत्र जोडली तरीही शुभ, असे तो सांगतो. वीज पडलेले, वाऱ्याने किंवा पुराने उन्मळलेले, हत्तीने पाडलेले, मधाचे पोळे वा पक्ष्यांची घरटी असलेले, स्मशानातले झाड मात्र वर्ज्य. यातील अर्धा भाग शकुनाचा आहे हे खरे, परंतु उरलेला अर्धा भाग कोणत्याही सुताराला पटेल असा आहे. वादळात पडलेल्या खोडाला आतून चिरा असतात आणि घरट्यांच्या झाडाला ढोली असतात.

याच अध्यायात मापेही दिली आहेत. राजाची शय्या १०० अंगुले, राजपुत्राची ९०, मंत्र्याची ८४, सेनापतीची ७८ आणि पुरोहिताची ७२. अंगुल म्हणजे आठ जवांची रुंदी. ती पाऊण इंच धरली तर राजाचा पलंग ७५ इंचांचा होतो. आजच्या दुकानातला ‘किंग साइज’ बहुधा ७८ इंच लांब असतो, म्हणजे चौदाशे वर्षांत राजाची लांबी तीन इंचांनीच वाढली. पुरोहिताच्या वाट्याला मात्र साडेचार फूट येतात. त्याने पाय मुडपूनच झोपावे अशी अपेक्षा असावी, किंवा मग मोजमाप झोपणाऱ्याच्या उंचीचे नसून हुद्द्याचे होते असे मानावे. दुसरे अधिक संभवते.

बाराव्या शतकात बीडचा परिसर कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. हे कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी पदांमुळे परिचित आहे. त्यातच राजाच्या उपभोगांचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत अन्न, वस्त्र, तांबूल, छत्र यांच्या पंक्तीला ‘शय्याभोग’ही आहे. आरामाला राजधर्माच्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण मिळावे, ही त्या दरबाराची श्रीमंती.

याच प्रदेशात, चार शतकांनंतर, अंथरुण-पांघरुणाचा एक अगदी वेगळा उपयोग झाला.

दासोपंत (१५५१–१६१५) हे मूळचे नारायणपेठचे. वडील दिगंबरपंत बिदरच्या बरीदशाहीत देशपांडेपण करीत. परंपरा सांगते की, वसुलीचा भरणा न झाल्याने बिदरच्या सुलतानाने लहान दासोपंतांना ओलीस ठेवले, मुदतीत रक्कम आली नाही तर मुलाचे धर्मांतर करण्याची धमकी दिली, आणि अखेरच्या दिवशी एका अनोळखी माणसाने पैसे भरून त्यांची सुटका केली. भाविकांनी त्या माणसात दत्त पाहिला. कथेचा चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यामागची भीती खोटी वाटत नाही. दुष्काळी मुलखात वसुली थकणे आणि त्यापायी घरातले मूल गहाण पडणे ही गोष्ट ऐकणाऱ्यांना परकी नसावी, म्हणूनच ती टिकली.

पुढे दासोपंत अंबाजोगाईस स्थायिक झाले आणि त्यांनी अफाट लिहिले. ‘गीतार्णव’ या एकाच ग्रंथाची ओवीसंख्या सव्वा लाख सांगितली जाते. परंतु त्यांची सर्वांत विलक्षण कृती कागदावर नाही. ‘पंचीकरण’ हे वेदान्तप्रकरण त्यांनी पासोडीवर लिहिले.

पासोडी म्हणजे जाड सुताचे दुहेरी कापड. रात्री अंगावर घ्यायचे, थंडीत खांद्यावर टाकायचे. मखमल नव्हे, रेशीम नव्हे, शेतकऱ्याच्या घरातले पांघरूण. दासोपंतांची पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे आणि ती अंबाजोगाईत जपलेली आहे. वराहमिहिराच्या राजाचा पलंग तिच्यापुढे सहा पटींनी आखूड पडतो. पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो याचे विवेचन त्या कापडावर आहे. पंचीकरणासारखा विषय कोष्टकांशिवाय समजावणे कठीण, आणि कोष्टकाला सलग जागा लागते. पोथीच्या सुट्या पानांवर ती मिळत नाही, लांबलचक कापडावर मिळते. पासोडी निवडण्यामागे हेच कारण असेल असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण ते पटण्यासारखे आहे. जगात कापडावर लिहिलेले ग्रंथ इतरत्रही आहेत. पांघरुणाच्या कापडावर इतका मोठा मराठी ग्रंथ लिहिलेला मात्र दुसरा सहजी सापडत नाही.

देवांच्या पलंगांकडे वळल्याशिवाय या मुलखातील शय्येचा इतिहास पुरा होत नाही. पंढरपुरात आषाढी जवळ आली की विठ्ठलाचा पलंग शेजघरातून काढला जातो. लाखोंच्या गर्दीला दर्शन मिळावे म्हणून देव त्या दिवसांत झोपतच नाही. पाठीला टेकायला कापसाचा लोड दिला जातो, आणि प्रक्षाळपूजेनंतरच पलंग पुन्हा आत येतो. यजमान पाहुण्यांसाठी आपले अंथरूण सोडतो, त्यातलाच हा प्रकार.

तुळजापूर हे बीडच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले. तेथे नेमके उलट घडते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते, आणि म्हणून देवी खरोखर पलंगावर झोपते. वर्षातून तिच्या तीन निद्रा असतात. घोरनिद्रा नवरात्रापूर्वीची, श्रमनिद्रा दसऱ्यानंतरची आणि मोहनिद्रा पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधीची. महिषासुराशी नऊ दिवस लढून थकलेली देवी दसऱ्याला सीमोल्लंघन करते आणि नव्या पलंगावर आश्विन पौर्णिमेपर्यंत विसावते.

हा नवा पलंग तुळजापुरात बनत नाही. तो पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावला घडतो, जुन्नरमार्गे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला येतो आणि तेथून पायी तुळजापूरला पोहोचतो. पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरची, आणि तिचा मान तेथील तेली समाजातील भगत घराण्याकडे. कोणी घडवायचा, कोणी वाहायचा, कोणत्या गावी मुक्काम करायचा, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. येथे पलंग निवडला जात नाही, तो येतो. वाटेवरच्या गावांतल्या स्त्रिया त्याचे दर्शन घेतात. रिकाम्या पलंगाला नमस्कार करणारे लोक पाहून परक्याला नवल वाटते. त्यांच्या लेखी मात्र तो रिकामा नसतो.

देवी श्रमनिद्रेत असते त्याच सुमारास बीड जिल्ह्यातील लाखो माणसे निघण्याच्या तयारीला लागलेली असतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे रवाना होतात आणि पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपीत राहतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोयते, शेळ्या, लेकरे आणि वाकळा असतात. पलंग नसतो. पाचट पसरून त्यावर वाकळ, हे अंथरूण. पहाटे अंधारात उठायचे असल्याने त्यावर पडणेही थोडाच वेळ.

गावातल्या घरी त्यांच्याकडे बाज असते. बाभळीचे ठावे, अंबाडीची किंवा सुताची दोरी. या वस्तूला कोणी डिझायनर म्हणणार नाही, पण तिच्याइतका विचारपूर्वक घडलेला पलंग विरळा. उन्हाळ्यात खालून वारा खेळतो. दोर सैल पडला तर ओढून घ्यायचा. बाळंतिणीसाठी बाजेखाली शेगडी ठेवून ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी दिली की विणीतून ती वर येते. दिवसा ती भिंतीशी उभी केली की खोली मोकळी. जन्म बाजेवर होतो, मरताना माणसाला बाजेवरून खाली जमिनीवर घेतात, आणि ऐपत असलेल्या घरात त्यानंतर शय्यादान करतात. तेथेही पलंग, गादी, उशी निवडावीच लागते, आणि झोपणारा तेव्हाही हजर नसतो.

पुन्हा त्या दुकानात. गेल्या काही दशकांत बाजेची जागा आंदणातल्या पलंगाने घेतली. पलंग, गादी, कपाट ही जोडी इतकी रुळली की तिच्याशिवाय लग्नाची बोलणी अपुरी वाटू लागली. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावावर ज्या घराचे वर्ष चालते, तेथे उशाचा फलक मखमली करायचा की साधा हा प्रश्न रुचीचा राहत नाही. मांडवात आंदण मांडले जाते, पाहुणे पाहतात, आणि वराहमिहिराची अंगुले नव्या रूपात मोजली जातात.

कायदा मात्र या पलंगाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने मागून घेतलेली वस्तू हुंडा ठरते. न मागता दिलेल्या भेटींची यादी करावी असे १९८५ चे नियम सांगतात, आणि वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूनेच ठेवायची असते. त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर पत्नीची पूर्ण मालकी असते आणि सासरी ठेवल्याने ती नवऱ्याची होत नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे टेम्पोतून दोऱ्यांनी बांधून सासरी निघालेला तो सहा बाय साडेसहाचा पलंग, वडिलांनी निवडलेला, मामाने घासाघीस केलेला, सासूने दारात उभे राहून निरखलेला, कागदोपत्री त्या एकटीचा असतो.