बार्शीची नोंदवही : खेड्यांनी दिलेले कर्करोगाचे उत्तर

१/ कुर्डुवाडी जंक्शनचे जुने नाव ‘बार्शी रोड’. १८९७ साली येथून बार्शीकडे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ‘बार्शी लाइट रेल्वे’ धावू लागली. त्याच बार्शीत नव्वद वर्षांनी कर्करोग-संशोधनाचा एक मोठा अध्याय सुरू झाला.

२/ कर्करोग किती जणांना होतो, हे कळण्यासाठी ठरावीक लोकसंख्येतील प्रत्येक रुग्णाची नोंद व्हावी लागते. भारतात अशी नोंदणी होती ती मुंबईसारख्या शहरांत. खेड्यातला रुग्ण अनेकदा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. मग तो कागदावर यावा कसा?

३/ १९८७ साली बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. कर्मचारी गावोगाव गेले, लोकांना लक्षणे समजावून सांगितली, रुग्ण शोधले.

४/ नोंदींतून दोन गोष्टी दिसल्या. स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा होता. आणि गावांत जाणीव वाढली, तसे त्याचे निदान आधीच्या टप्प्यावर होऊ लागले.

५/ मग पुढचा प्रश्न आला : कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रीची एकदाच तपासणी केली, तर मृत्यू टळेल का? बार्शीचे डॉ. बी. एम. नेने, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात चाचणी-अभ्यास आरंभला.

६/ गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांची चार भागांत वाटणी झाली : एचपीव्ही विषाणूची चाचणी, पॅप तपासणी, ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथा, केवळ प्रचलित आरोग्यसेवेचा.

७/ निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४ जणी. एकाच चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन तपासण्यांनी मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

८/ त्या ६४ जणींमुळेच पुढे नैतिकतेचा वादही उभा राहिला. चौथ्या गटाला तपासणी कुठे मिळेल, याची माहिती दिली होती. प्रत्यक्ष तपासणी नव्हे. तुलनेवाचून पुरावा नाही, हे खरे. पण त्या तुलनेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न आकड्यांनी मिटत नाही.

९/ २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्यामागील पुराव्यांत या गावांचा वाटा मोठा आहे. पीएच.डी.नंतर कर्करोग-संशोधनाची वाट शोधणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे : चाचणी प्रयोगशाळेत जन्मते, पण ती जीव वाचवते की नाही, हे सांगायला घरोघर फिरून ठेवलेली नोंदच लागते.