काचेची बरणी, उकळतं पाणी आणि एक जंतू



गेल्या महिन्यात माझे एक जुने पेशंट बी.पी. तपासायला आले होते. उठता उठता त्यांनी मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. त्यांची मुलगी अमेरिकेत ओहायोमध्ये असते. घरामागच्या जागेत या वर्षी फरसबी आणि टोमॅटो भरभरून आले, म्हणून तिनं ते काचेच्या बरण्यांत भरले, बरण्या पाण्यात उकळल्या आणि फळीवर रांगेनं मांडून ठेवल्या. "आजीसारखी बेगमी करते बघा," ते कौतुकानं म्हणाले. फोटो खरोखरच सुंदर होता. मी फक्त एवढंच विचारलं, "फरसबीच्या बरण्या नुसत्या पाण्यात उकळल्या, की प्रेशरखाली?"

तुम्हाला वाटेल, डॉक्टरला काय करायच्यात या चौकशा? पण या एका प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

1862 साली अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. जो कोणी पाच वर्षं जमिनीवर राहून ती कसेल, त्याला 160 एकर जमीन जवळजवळ फुकट. नेब्रास्का, कॅन्सस, डाकोटा अशा गवताळ मुलखात हजारो कुटुंबं जाऊन राहिली. (ही जमीन मोकळी नव्हती, तिथल्या मूळ लोकांची होती, हेही लक्षात असू द्या.) हिवाळा महिनोन् महिने बर्फाचा, दुकान कोसांवर. म्हणजे वर्षाचं सगळं गणित ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांवर. मका, घेवडा, काकडी, टोमॅटो, सफरचंद सगळं एकदम हाताशी यायचं आणि थांबायला तयार नसायचं. पुरुषमाणसं शेतात, तर बायका आणि पोरं घरात शेंगा निवडत, सोलत, चिरत, लाकडाच्या चुलीपाशी घामाघूम होत बसलेली. आपल्याकडे पावसाळ्याआधी चालणारी धांदल आठवा, तशीच.

सुरुवातीला त्यांच्या पद्धतीही आपल्यासारख्याच होत्या. मका आणि सफरचंदाच्या फोडी वाळवायच्या, कोबी मिठात आंबवायचा, काकड्या व्हिनेगरमध्ये घालायच्या, डुकराचं मांस मीठ लावून धुरावायचं, बटाटे आणि गाजरं तळघरात ठेवायची. यात जंतूंना वाढू न देण्याचे उपाय आहेत: पाणी काढून घ्या, मीठ वाढवा, आंबटपणा वाढवा, थंड ठेवा. आपल्या कुरडया, सांडगे, कैरीचं लोणचं याच नियमांवर टिकतात. नियम कुणाला माहीत नव्हते, पण पिढ्यान् पिढ्यांच्या हाताला ठाऊक होते.

मग बरणी आली. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्यानं बाटलीत अन्न बंद करून उकळलं तर ते टिकतं हे दाखवलं आणि 1810 मध्ये सरकारकडून 12,000 फ्रँकचं बक्षीस मिळवलं. असं का होतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पाश्चर यायला अजून अर्धं शतक होतं. 1858 मध्ये जॉन मेसन या न्यूयॉर्कच्या कारागिरानं आटे असलेल्या झाकणाच्या बरणीचं पेटंट घेतलं. अशा बरण्या स्वस्त झाल्या तशा शेतकऱ्यांच्या घराघरांत पोचल्या. आता भर हिवाळ्यात हिरव्या शेंगांची भाजी खाता यायला लागली. त्या बाईला केवढा आनंद झाला असेल!

घोटाळा इथेच होता. बरणीतल्या फरसबीत पाणी भरपूर, मीठ बेताचं, आंबटपणा जवळजवळ नाही आणि हवा तर अजिबात नाही. नेमक्या अशाच जागी वाढणारा एक जंतू आहे.

त्याच्या विषाचं पहिलं नीट वर्णन केलं जर्मनीतल्या युस्टिनुस केर्नर या डॉक्टरनं. हा गृहस्थ कवीही होता. 1820 च्या सुमारास त्यानं सॉसेज खाऊन लुळ्या पडलेल्या रुग्णांच्या नोंदी जमवल्या, एवढंच नाही तर ते विष थोडं स्वतःवरही वापरून पाहिलं. (हे घरी करू नये!) सॉसेजला लॅटिनमध्ये 'बोटुलस' म्हणतात, त्यावरून आजाराचं नाव बोट्युलिझम. पुढे 1895 मध्ये बेल्जियमच्या एल्झेल गावात एका अंत्यविधीनंतर बँडवाल्यांनी हॅम खाल्लं. अनेक जण आजारी पडले, तिघे दगावले. त्या हॅममधून एमिल व्हॅन एर्मेंगम यांनी जंतू शोधून काढला.

हा जंतू मातीत असतो आणि संकटात बीजाणूचं चिलखत घालून बसतो. उकळत्या पाण्यात, म्हणजे 100 अंशांवर, बाकीचे जंतू मरतात, पण हे बीजाणू तासन् तास तग धरू शकतात. उंचावर तर पाणी त्याहून कमी तापमानाला उकळतं. म्हणजे बरणी उकळून आपण त्याचे सगळे प्रतिस्पर्धी मारतो, हवा घालवतो आणि घर रिकामं करून त्याच्या ताब्यात देतो.

उपाय म्हणजे प्रेशर. दाबाखाली वाफ 116 ते 121 अंशांपर्यंत जाते. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 1917 मध्येच सांगितलं, की आंबट नसलेल्या भाज्या आणि मांसासाठी प्रेशरची पद्धत हीच सुरक्षित. पण माणूस सवयीचा गुलाम. 2015 च्या एप्रिलमध्ये ओहायोतच एका सामुदायिक जेवणात बटाट्याचं सॅलड खाऊन 29 जणांना बोट्युलिझम झाला, एक जण गेला. बटाटे घरच्या बरण्यांतले होते आणि त्या बरण्या नुसत्या पाण्यात उकळलेल्या होत्या.

या विषात वास किंवा चव बिघडेलच असं नाही. साधारण 12 ते 36 तासांत एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या पडतात, जीभ जड होते, गिळता येत नाही. मग अशक्तपणा वरून खाली उतरत छातीच्या स्नायूंपर्यंत पोचतो. ताप नसतो, शुद्ध पूर्ण असते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका. थेट व्हेंटिलेटरची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते सांगा. प्रतिविष जितकं लवकर तितकं चांगलं.

आपल्या कैरी-लिंबाच्या लोणच्याला घाबरायचं कारण नाही. आंबटपणा आणि मीठ राखण करतात. पण नुसत्या तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवू नका. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तशाच बाटलीबंद लसणामुळे 36 जण आजारी पडले होते. घरच्या कुकरमध्येही बरण्या लावू नका. तो लहान असतो, लवकर तापतो, लवकर निवतो, आणि सांगितलेल्या वेळा त्याच्यासाठी नसतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, आजीनं कितीही आग्रह केला तरी. मधात हेच बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते वाढू शकतात. मी हे सांगतो तेव्हा दवाखान्यात हमखास एखादी आजी रुसते. मला चालतं.

परवा त्या गृहस्थांचा फोन आला. मुलीनं फरसबीच्या सातही बरण्या न उघडता, चव न बघता टाकून दिल्या. उरलेल्या शेंगा फ्रीजरमध्ये गेल्या. टोमॅटोच्या बरण्यांत तिनं आधीच लिंबाचा रस घातला होता, कारण तसं कृतीत लिहिलं होतं; कशासाठी, ते मात्र तिला आत्ता कळलं.