नागावचे केरोपंत आणि चार दिवसांचे भांडण

आमचे आजोबा तांडेल होते. अक्षरओळख जेमतेम, पण घराच्या ओटीवर खुंटीला एक पंचांग कायम टांगलेले असे. त्याच्या शेजारी मुंबईहून आणलेले हिजरी कॅलेंडर. एकावर होडी चाले, दुसऱ्यावर रोजे. पहाटे उठले की ते आम्हा पोरांना विचारत, ‘‘आज तिथी कोणती रे?’’ तिथी सांगितली, की मनातल्या मनात तिची पाऊणपट करत. षष्ठी असली तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असली तर सहाला. हा हिशेब आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर कोळ्यांना जसा पाठ, तसाच मुसलमान खलाशांनाही. त्यामुळे पंचांग ही फक्त देवळातली किंवा भटजींच्या झोळीतली वस्तू आहे, असे मला लहानपणी कधी वाटलेच नाही. ते समुद्राचे पुस्तक होते.

पुढे कॉलेजात गेल्यावर कळले, की या पुस्तकावरून महाराष्ट्रात एकेकाळी मोठे भांडण झाले होते. आणि ते ज्यांच्यामुळे झाले, ते आमच्याच किनाऱ्यावरचे होते. त्यांचे नाव केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरोपंत म्हणत.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले, की आठ-नऊ किलोमीटरवर नागाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, गर्द सावली. आज तिथे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते. याच नागावात १८२५ साली केरोपंतांचा जन्म झाला. मराठी गद्याच्या आरंभकाळातले लेखक सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे त्यांच्याच घराण्यातले. शिक्षणासाठी केरोपंत मुंबईला गेले आणि एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली गणित आणि ज्योतिष शिकले. हेच ऑर्लिबार कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहत. त्यांनी या हुशार मुलाला वेधशाळेत सहायक म्हणून घेतले, तेव्हा केरोपंतांचे वय जेमतेम पंधरा वर्षांचे होते.

त्या वेधशाळेत त्यांची दहा वर्षे गेली. चुंबकसूची किती हलली, वायुभार किती, उष्णता किती, हे ठरल्या वेळी पाहायचे आणि लिहायचे. दिसले तेच लिहायचे. काल काय होते किंवा पुस्तकात काय आहे, ते नाही. माणसाच्या स्वभावाला वळण लावणारी ही नोकरी होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले आणि त्यांचा चुंबकीय नोंदींना त्रास होणार हे दिसू लागले. तेव्हा १९०४ साली ते काम अलिबागला हलवण्यात आले. म्हणजे केरोपंत ज्या कामासाठी गाव सोडून गेले, ते काम त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी त्यांच्याच तालुक्यात आले.

१८५१च्या सुमारास केरोपंत पुण्याला गेले आणि शेवटपर्यंत शिक्षकच राहिले. डेक्कन कॉलेजात ते गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवत. लोकमान्य टिळक त्यांचे आवडते विद्यार्थी. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली. भरती-ओहोटी आणि कालज्ञान या विषयांवर निबंध लिहिले. सरकारने त्यांना रावबहादूर केले. एवढेच असते, तर ते निर्वेध सन्मानात निवृत्त झाले असते. पण त्यांनी पंचांगाला हात घातला.

त्या काळी आपल्याकडची पंचांगे ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. हा ग्रंथ गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली लिहिला. त्यात ग्रहांची गणिते इतकी सोपी करून दिली होती, की साध्या गुणाकार-भागाकाराने जोशीबुवांचे काम भागे. म्हणूनच तो साडेतीनशे वर्षे चालला. पण एवढ्या काळात गणितात फरक साचत गेला. पंचांगात लिहिलेली ग्रहणाची वेळ आणि आकाशातले ग्रहण जुळेना. ग्रह सांगितलेल्या जागी दिसेना. केरोपंतांनी १८६० साली युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. मग शके १७८७, म्हणजे १८६५पासून नवे पंचांग निघू लागले. आबासाहेब पटवर्धन यांचे त्याला साहाय्य होते, म्हणून लोक त्याला ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणू लागले.

या पंचांगाचे गणित ‘नॉटिकल अल्मनाक’ या इंग्रजी नाविक पंचांगावरून केले जाई. मला ही गोष्ट फार आवडते. भर समुद्रात जहाजाची जागा शोधण्यासाठी जे आकडे छापले जात, त्यांवरून पुण्यातल्या घरांची एकादशी ठरू लागली. आमच्या आजोबांना हे सांगता आले असते, तर ते म्हणाले असते, ‘‘मग त्यात नवे ते काय?’’

पण पुण्यात ते फारच नवे होते. वाद दोन गोष्टींवरून झाला.

पहिली गोष्ट तिथीची. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे गेला, की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची चाल सारखी नसते, म्हणून तिथीही लहानमोठी होते. तिथी साठ घटकांहून फार तर पाच घटका वाढते आणि सहा घटका घटते, असे जुन्या परंपरेने धरलेले. त्याला ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत. प्रत्यक्ष आकाशातला चंद्र मात्र एवढ्यावर थांबत नाही. तो तिथीला जवळजवळ सात घटका वाढवतो आणि दहा घटकांपर्यंत घटवतो. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. तेवढ्या फरकाने कधी एकादशीचा उपवास, कधी श्राद्धाचा दिवस बदलतो. वडिलांचे श्राद्ध चुकीच्या दिवशी केले, असे कोणी सांगितले तर कोणत्या मुलाला ते सहन होईल?

दुसरी गोष्ट अधिक मोठी. राशिचक्र मोजायला आकाशात कुठून तरी सुरुवात करावी लागते. रेवती नक्षत्राच्या योगतारेपाशी आरंभ, असे जुने ग्रंथ सांगत. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येतो, ते वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांच्या थोडे वर. सूर्यसिद्धांतातले वर्ष याहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे. साडेतीन मिनिटे ती काय! पण तेराशे वर्षांत त्यांचे तीन दिवस होतात. हळूहळू पंचांगातला आरंभबिंदू रेवतीच्या ताऱ्यापासून दूर सरकला होता. केरोपंतांनी तो मंद, डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा पक्का धरला आणि हिशेब पुन्हा तिथून सुरू केला. वसंतसंपातापासून या आरंभापर्यंतच्या अंतराला अयनांश म्हणतात. ग्रहलाघवाने ते बावीस अंशांच्या वर येत, केरोपंतांच्या गणिताने सुमारे अठरा. चार अंशांचा फरक म्हणजे सूर्याच्या चालीचे चार दिवस. मकरसंक्रांत चार दिवस आधी आली. काही वर्षी अधिक महिनाच वेगळा पडला. मग गणपती आणि दिवाळीतही महिन्याचे अंतर.

गंमत अशी, की जुन्या वचनाला अधिक धरून कोण होते, तर केरोपंत. आरंभ रेवतीच्या ताऱ्यापाशी, हे वचन त्यांनी अक्षरशः पाळले. विरोधकांनी सवय पाळली. तरी धर्म बुडवल्याचा ठपका केरोपंतांवर आला. उलट बाजूनेही टीका झाली. विसाजी रघुनाथ लेले यांच्यासारखे विद्वान म्हणत, की तारा कशाला हवा? ऋतू पाहा. दिवस खरोखर मोठा होऊ लागतो तो डिसेंबरच्या एकवीस-बावीस तारखेला. संक्रांत तेव्हाच असायला हवी. एका बाजूला केरोपंत फार पुढे गेले म्हणणारे, दुसऱ्या बाजूला पुरेसे गेले नाहीत म्हणणारे. मधल्या माणसाचे हे नेहमीचे दुखणे आहे. पटवर्धनी पंचांग पाळणारी घरे थोडीच राहिली. १९ मार्च १८८४ रोजी केरोपंत वारले, तेव्हा हा वाद मिटलेला नव्हता.

आता मला वाचकांना नागावहून जरा दक्षिणेला न्यायचे आहे. रेवदंड्याची खाडी ओलांडली, कोर्लई आणि काशीद मागे टाकले, की मुरूडच्या अलीकडे नांदगाव लागते. नागावपासून हे अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास. ‘ग्रहलाघव’ लिहिणारे गणेश दैवज्ञ या नांदगावचे. म्हणजे ज्या ग्रंथाच्या नावाने केरोपंतांना विरोध झाला, तो ग्रंथही आमच्याच किनाऱ्यावर, त्याच समुद्राकडे पाहत लिहिला गेला.

आणि त्या ग्रंथाचे कर्ते काय सांगून गेले होते? गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः आकाशाचे वेध घेणारे. जुनी गणिते चुकतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि दुरुस्ती केली. मुलाने वडिलांच्या गणितातही फरक पाहिला आणि तोही दुरुस्त केला. तिथींवरच्या ग्रंथात त्यांनी लिहून ठेवले, की पूर्वीच्या आचार्यांची गणिते काळाने शिथिल होत गेली आणि पुढच्यांनी ती सावरली. माझेही गणित पुढे ढळले, तर ग्रहणे आणि युती पाहून सुधारून घ्या. साडेतीनशे वर्षांनी जवळच्याच गावच्या माणसाने नेमके तेच केले. ज्यांनी त्याला विरोध केला, त्यांनी गणेश दैवज्ञांचा ग्रंथ जपला आणि त्यांचा निरोप विसरले.

हे सगळे मी वरच्या पायरीवरून सांगतो आहे, असे कोणी समजू नये. १९८३ सालची ईद ऐन आषाढात आली होती. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. कोकणातला पावसाळा, आकाश म्हणजे काळी घोंगडी. संध्याकाळी सगळे गाव समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, पण चंद्र काही दिसला नाही. रात्री रेडिओवर दुसरीकडे चांद दिसल्याची खबर आली. काहींनी ती मानली, काहींनी नाही. आमच्या घरातच वडिलांची ईद झाली आणि चुलत्यांचा तिसावा रोजा. सकाळी आईने सवयीने शीरखुर्म्याचा वाडगा काकीकडे पाठवला. काकीने काही न बोलता त्यावर ताटली झाकली आणि वाडगा संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला. ढगांमागचा चंद्र तर एकच होता. पण त्या झाकलेल्या वाडग्याने मला जे शिकवले, ते कुठल्या गणिताने शिकवले नसते. सण हा आकाशात नसतो, तो शेजाऱ्याबरोबर असतो.

केरोपंत का हरले, हे मला तिथून कळते. त्यांचे गणित बरोबर होते. पण माणसांना बरोबर दिवसापेक्षा बरोबरीचा दिवस हवा असतो. एकट्याने चार दिवस आधी वाटलेल्या तिळगुळाला गोडी कशी यावी? हा दोष लोकांचा म्हणून झटकून टाकता येत नाही.

तरी ते पुरते हरले असेही नाही. टिळकांनी गुरूचा हा विषय सोडला नाही. १९०४च्या मुंबईच्या ज्योतिष परिषदेपासून त्यांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला. रेवतीचा पक्ष पाळणारे पंचांग आज टिळकांच्या नावाने चालते. २०२३ साली नेहमीच्या पंचांगात श्रावण अधिक होता आणि गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. टिळक पंचांग पाळणाऱ्यांनी ती २० ऑगस्टलाच साजरी केली. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा तारा धरणारा दुसरा पक्ष मांडला. स्वतंत्र भारत सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली, तेव्हा तिने अयनांश चित्रा पक्षाच्या जवळचे घेतले. म्हणजे आरंभबिंदूचा वाद केरोपंत हरले. पण गणित आकाशाशी जुळलेच पाहिजे, हा त्यांचा मूळ आग्रह आज महाराष्ट्रात घरोघरच्या भिंतीवर टांगलेला आहे. ज्यांचे आजे-पणजे त्यांच्यावर रागावले, त्यांची नातवंडेही आधुनिक गणिताचीच तिथी पाळतात; फक्त ती कोणामुळे आली, हे त्यांना ठाऊक नसते.

नागावला गेलेल्या वाचकांनी समुद्रावर मौज जरूर करावी. एखादी संध्याकाळ मात्र त्या दोन गावच्या ज्योतिर्विदांसाठी ठेवावी आणि वर पाहावे.

आमचे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढत, हे सुरुवातीला सांगितलेच. एक गोष्ट सांगायची राहिली. हिशेब झाल्यावरही ते कंदील घेऊन किनाऱ्यापर्यंत जात आणि पाणी कुठवर आले आहे ते पाहत. कधी पाणी हिशेबाच्या मागे-पुढे असे. अशा वेळी ते पंचांगावर रागावत नसत आणि पाण्यावरही नाही. मुकाट्याने होडीची वेळ बदलत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)