एअरसॉफ्ट : नवख्या खेळाडूंसाठी

एअरसॉफ्ट हा सांघिक मैदानी खेळ असून त्यात खऱ्या बंदुकांच्या हुबेहूब प्रतिकृती वापरतात. दाबलेल्या हवेच्या किंवा वायूच्या जोरावर त्यांतून 6 मिमी. व्यासाचे प्लॅस्टिकचे छर्रे सुटतात. छर्रा लागलेला खेळाडू त्या डावापुरता बाद होतो. जत्रेत फुगे फोडायला ठेवलेली छऱ्याची बंदूक ती हीच, असा समज करून घेऊ नये. जत्रेतील बंदुकीतून 4.5 मिमी.ची शिशाची गोळी सुटते. ती माणसावर कधीही रोखायची नसते. एअरसॉफ्टचा छर्रा साधारण 0.20 ते 0.30 ग्रॅम वजनाचा, गोल आणि गुळगुळीत असतो. कपड्यांवरून लागला तर चटका बसतो, उघड्या कातडीवर लागला तर लाल वळ उठतो. पेंटबॉलशी या खेळाचे नाते जवळचे आहे, पण पेंटबॉलची गोळी अंगावर फुटून रंगाचा डाग पाडते. एअरसॉफ्टमध्ये अशी खूण राहत नाही. कोण बाद झाला हे पुष्कळदा ज्याला लागले त्यालाच ठाऊक असते, आणि खेळाची सारी रीतभात यावरून ठरली आहे.

हा खेळ जपानमध्ये जन्मला. तेथे 1958 च्या शस्त्रकायद्यामुळे सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगता येत नाही. बंदुकांची हौस असलेले लोक मग धातूच्या नमुना-बंदुका जमवीत. त्यांचा गुन्ह्यांत वापर होऊ लागल्यावर 1971 मध्ये धातूच्या पिस्तूल-नमुन्यांची नळी बुजवणे आणि त्यांना पांढरा किंवा पिवळा रंग देणे सक्तीचे झाले, आणि 1977 मध्ये बंधने आणखी आवळली गेली. प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या प्लॅस्टिकच्या बंदुकांची भरभराट झाली ती या कोंडीनंतर. 1980 नंतरच्या दशकात ‘सर्व्हायवल गेम’ या नावाने रानावनांत डाव रंगू लागले. जपानी बोलीत त्याचे ‘साबागे’ झाले. त्या काळी सतत मारा करणाऱ्या बंदुकीला वायूची टाकी नळीने जोडून पाठीवर वागवावी लागे. 1991 मध्ये तोक्यो मारुई या कंपनीने ‘फामास’ या फ्रेंच रायफलीची बॅटरीवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली आणि टाकीचे ओझे संपले. आजही बहुतेक खेळाडूंच्या हातात याच घराण्यातील विजेची बंदूक दिसते.

जोर व त्याचे मोजमाप : बंदुकीचा जोर ज्यूलमध्ये मोजतात. 0.20 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 100 मीटर (328 फूट) वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा बरोबर 1 ज्यूल भरते. दुकानदार आणि जुने खेळाडू नुसता वेग सांगतात, तेव्हा नवख्याने छऱ्याचे वजनही विचारावे. वजनावाचून वेगाच्या आकड्याला अर्थ नाही. 2005 मध्ये पश्चिम जपानमधील रस्त्यांवर धावत्या गाड्यांवर जोर वाढवलेल्या बंदुकांनी मारा झाल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर 2006 मध्ये जपानने कायद्याने मर्यादा घातली. 6 मिमी.च्या छऱ्यासाठी ती 0.98 ज्यूलच्या आसपास येते. म्हणजे 0.20 ग्रॅमच्या छऱ्याला सेकंदाला 99 मीटर वेग चालतो, पण 0.25 ग्रॅमचा छर्रा 90 मीटर वेगाने सुटला तरी मर्यादा ओलांडली जाते. ब्रिटनमध्ये सतत मारा करू शकणाऱ्या बंदुकीला 1.3 ज्यूल आणि एकेक छर्रा मारणाऱ्या बंदुकीला 2.5 ज्यूल अशी मर्यादा 2017 च्या कायद्याने ठरली. जर्मनीत 0.5 ज्यूलच्या वरची बंदूक अठरा वर्षांखालील व्यक्तीला घेता येत नाही, आणि तेवढ्या जोराची सतत मारा करणारी बंदूक कोणालाच ठेवता येत नाही.

डोळे : नवख्याने पहिला खर्च बंदुकीवर न करता चष्म्यावर करावा. छर्रा कातडीला वळापलीकडे सहसा काही करत नाही. डोळ्यात गेला तर बुबुळामागे रक्त साकळणे, पुढे मोतीबिंदू किंवा काचबिंदू होणे, दृष्टिपटल फाटणे अशा इजा होतात. वैद्यकीय वाङ्मयात अशा रुग्णांची नोंद भरपूर आहे आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे आहे. रोजचा नंबरचा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल येथे उपयोगाचा नाही. चष्मा चारही बाजूंनी चेहऱ्याला चिकटून बसणारा हवा, कारण छर्रा झाडाला आपटून बाजूनेही येतो. युरोपीय ‘ईएन 166’ या मानकात 6 मिमी.ची, 0.86 ग्रॅमची पोलादी गोळी भिंगावर मारून पाहतात. ‘एफ’ खुणेच्या भिंगाने सेकंदाला 45 मीटर वेग सोसलेला असतो, ‘बी’ खुणेच्या भिंगाने 120 मीटर. गणित केले तर ‘एफ’ चाचणीची ऊर्जा सुमारे 0.87 ज्यूल येते, म्हणजे जपानच्या मर्यादेपेक्षाही थोडी कमी. ‘बी’ची सहा ज्यूलच्या वर जाते. घ्यायचाच तर ‘बी’ खुणेचा घ्यावा. अमेरिकी ‘झेड 87.1’ मानकात ‘झेड 87’पुढे अधिक चिन्ह असलेले भिंग वेगवान आघाताच्या चाचणीतून गेलेले असते. कसलीच खूण नसलेला स्वस्त चष्मा कितीही जाड दिसला तरी घेऊ नये.

भिंगावर वाफ धरणे हा नवख्याचा खरा शत्रू. दमट हवेत पळापळ केली की पाच मिनिटांत समोरचे दिसेनासे होते, आणि हात आपोआप चष्म्याकडे जातो. मैदानात चष्मा काढणे हा या खेळातील सर्वांत मोठा गुन्हा मानतात. बहुतेक ठिकाणी असा खेळाडू त्याच दिवशी घरी जातो. वाफ धरली तर बाद झाल्याचे सांगून, चष्मा तसाच ठेवून बाहेर यावे. दुसऱ्या कोणाचा चष्मा निघालेला दिसला, तर ओरडून डाव थांबवावा. दुहेरी काचेचा किंवा छोटा पंखा बसवलेला चष्मा यावर बराच गुण देतो. जाळीच्या चष्म्यावर वाफ धरत नाही, पण ठिसूळ छर्रा जाळीवर फुटला तर त्याचे कण आत येऊ शकतात. चेहऱ्याच्या खालच्या भागासाठी मात्र जाळीचा मुखवटा उत्तम. समोरचा दात तुटला की त्याचा खर्च बंदुकीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

मैदानावरचा पहिला दिवस : जपानमध्ये या खेळाची मैदाने सर्वाधिक गजबजतात ती तोक्योला लागून असलेल्या चिबा प्रांतात. एकट्याने जाणाऱ्यासाठी खुले दिवस असतात. नाव नोंदवले की संघ तेथेच पाडून देतात आणि दंडाला रंगीत पट्टी बांधतात. बंदूक, चष्मा, मुखवटा असे सगळे भाड्याने मिळते, त्यामुळे पहिले काही डाव स्वतःची बंदूक न घेता खेळून पाहावेत. पायांत घोटा धरणारे बूट, हातमोजे, लांब बाह्या आणि भरपूर पाणी एवढे आपले असले की पुरे. उन्हाळ्यात रानातील मैदानांवर गोचिडी असतात. जपानमध्ये त्यांच्यापासून होणाऱ्या एका घातक विषाणुज्वराची 2013 पासून नोंद होत आहे, म्हणून विजारीचे पायघोळ मोज्यांत खोचावेत आणि घरी आल्यावर अंग तपासावे. (अनेक मैदानांवर दुपारच्या जेवणात करी-भात असतो. आमटी-भातावर वाढलेल्या माणसाला तो गोडसर लागेल, पण सकाळभर ओणव्याने धावल्यावर तक्रार होत नाही.)

सकाळी सर्वांसमोर नियम सांगतात. ते लक्ष देऊन ऐकावेत, कारण मैदानागणिक ते बदलतात : छर्रा बंदुकीला लागला तर बाद की नाही, आपल्याच गड्याचा लागला तर काय, भिंतीवर आपटून आलेला धरायचा का. जपानमध्ये बंदुकीला लागलेला छर्राही सामान्यतः धरतात. ब्रिटन-अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी धरत नाहीत. मग प्रत्येक बंदुकीचा वेग यंत्रावर मोजतात. विश्रांतीच्या जागेत मॅगझिन काढलेले, नळीत छर्रा न उरलेला आणि चापाचा खटका बंद, ही शिस्त सर्वत्र सारखी आहे. न पाहता आडोशावरून नुसता हात काढून मारा करणे जवळजवळ सगळीकडे निषिद्ध असते.

छर्रा लागला की ‘हिट’ असे मोठ्याने ओरडावे, हात वर करावा आणि बाहेर चालू लागावे. पंचाने बोट वर करण्याची वाट न पाहता तंबूकडे निघणारा फलंदाज क्रिकेटमध्ये विरळा. येथे प्रत्येकाने तसेच वागायचे असते. लागूनही खेळत राहणाऱ्याला जगभर ‘झॉम्बी’ म्हणतात. नवख्याला आपल्याला लागले की फांदी घासली हे कळत नाही. अशा वेळी लागले असे धरावे. उलट बाजूचा मोह अधिक अवघड असतो. आपण नेम धरून मारले, समोरचा हलला नाही, म्हणजे तो खोटारडा असे वाटते. पण चाळीस मीटरवर छर्रा वाऱ्याने वळतो, पानाला अडकतो, जाड जाकिटावर जाणवतही नाही. त्या खेळाडूवर ओरडू नये. शंका असेल तर पंचाला सांगावे. बाद होऊन चाललेल्या खेळाडूने आपल्या संघाला शत्रूची जागा सांगू नये, हाही संकेत आहे.

बंदुकीची निवड : प्रतिकृती तीन प्रकारच्या असतात. हाताने खटका ओढून स्प्रिंग ताणायची ती सर्वांत स्वस्त व टिकाऊ. वायूवर चालणारी दर बाराला मागे झटका देते, म्हणून हातात खरी वाटते. पण थंडीत वायूचा दाब पडतो आणि ती मलूल होते. बॅटरीच्या बंदुकीत मोटार दातेरी चाके फिरवते, चाके दट्ट्या मागे खेचतात आणि स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. हवामान कसेही असो, ती चालते. पहिली बंदूक हीच असावी, आणि शक्य तर ‘एम 4’सारख्या सर्वत्र आढळणाऱ्या घडणीची, म्हणजे सुटे भाग आणि मॅगझिन सहज मिळतात.

पुष्कळ नवख्यांना लांब नळीची, दुर्बीण लावलेली स्नायपर रायफल हवी असते. घेऊ नये. जपानमध्ये जोराची मर्यादा सर्व बंदुकांना एकच असल्याने ती रायफल बॅटरीच्या बंदुकीपेक्षा फारशी दूर मारू शकत नाही. दर छऱ्यामागे हाताने खटका ओढावा लागतो तो वेगळाच. ब्रिटनमध्ये तिला जास्त जोर चालतो, पण मग मैदानावर किमान अंतराचा नियम लागतो आणि जवळच्या खेळाडूसाठी कमरेला वेगळे पिस्तूल ठेवावे लागते. तो प्रकार धीराचा आहे, पहिल्या वर्षाचा नाही.

हॉप-अप व छर्रे : इतका हलका छर्रा सरळ सोडला तर लवकर खाली पडेल. म्हणून नळीच्या मागच्या टोकाशी, छर्रा आत शिरतो तेथे, रबराचा छोटा उंचवटा असतो. तो छऱ्याला वरून घासून मागच्या दिशेने फिरकी देतो. फिरकीमुळे हवेत उचल मिळते (मॅग्नस परिणाम) आणि छर्रा चाळीस-पन्नास मीटर जवळजवळ सपाट जातो. यालाच हॉप-अप म्हणतात. तो जुळवण्याची पद्धत सोपी आहे : चक्री शून्यावर आणावी, मारत मारत थोडी थोडी वाढवावी, छर्रा शेवटी वर उडू लागला की एक खाच मागे यावे. छऱ्याचे वजन बदलले की हे पुन्हा करावे लागते. वाऱ्यात 0.25 ग्रॅमचा छर्रा 0.20 ग्रॅमच्या छऱ्यापेक्षा कमी ढळतो. नळीचा आतील व्यास 6.08 मिमी.च्या आसपास, घट्ट नळ्यांत तर 6.03 मिमी. असतो. म्हणजे छऱ्याभोवती मोकळी जागा अगदी थोडीच. जमिनीवरून उचललेला छर्रा परत भरला की आत गेलेला वाळूचा एक कणही नळी खरवडतो. उघड्या मैदानांवर पुष्कळदा पॉलिलॅक्टिक आम्लापासून केलेले, कालांतराने विघटन होणारे छर्रेच चालतात. ते ओल धरतात, म्हणून पिशवी बंद ठेवावी.

देखभाल : लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी व ताकदवान असते, पण निष्काळजीपणा खपवून घेत नाही. पूर्ण भरली की तिच्या प्रत्येक घटाचा दाब 4.2 व्होल्ट असतो, 3 व्होल्टच्या खाली तो जाऊ देऊ नये आणि ठेवून द्यायची तर 3.8च्या आसपास ठेवावा. तिच्यासाठीच केलेल्या चार्जरवर, समोर बसून चार्ज करावी; फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. डाव संपला की आधी मॅगझिन काढावे, मग एकदोन बार हवेत काढून नळी रिकामी झाल्याची खात्री करावी आणि शेवटी बॅटरी सोडवावी. क्रम उलटला तर नळीत एक छर्रा उरतो. रबराच्या भागांना सिलिकोनचे तेल लावावे. शिवणयंत्राचे किंवा गाडीचे तेल रबर खाते.

कायदा व ने-आण : ब्रिटनमध्ये 2006 च्या कायद्याने हुबेहूब प्रतिकृती विकण्यावर बंदी आली, परंतु नियमित खेळाडूंना सूट मिळते. ‘यूकारा’ या संस्थेच्या नोंदीत येण्यासाठी किमान 56 दिवसांच्या अवधीत तीन डाव एकाच मैदानावर खेळावे लागतात. तोवर अर्ध्याहून अधिक भाग भडक रंगाचा असलेली बंदूक घेता येते. नेदरलँड्समध्ये 2013 पासून मान्यताप्राप्त संघटनेचे सदस्यत्व लागते. अमेरिकेत विक्रीच्या वेळी नळीच्या टोकाला नारिंगी खूण असावी लागते. ती खूण काढून टाकण्याची हौस जिवावर बेतू शकते : 2014 मध्ये क्लीव्हलंड शहरात नारिंगी टोक नसलेले एअरसॉफ्ट पिस्तूल बागेत खेळवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला पोलिसाने गोळी घातली. बंदूक घर ते मैदान या प्रवासात बंद पिशवीतच राहावी; गाडीच्या मागच्या आसनावर उघडी टाकू नये, गच्चीत किंवा बागेत नेम धरून पाहू नये.

भारतात हा खेळ अजून रुजलेला नाही. मुंबई-पुण्याच्या आसपास पेंटबॉलची मैदाने आहेत, आणि संघाने आडोशाआडून पुढे कसे सरकायचे याचा सराव तेथे होऊ शकतो. परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी तरुणांनी तेथे घेतलेली बंदूक परत येताना सामानात घालू नये. विमानाच्या केबिनमध्ये प्रतिकृती चालत नाही, आणि सीमाशुल्क खात्यासमोर तिची बाजू मांडत बसण्यापेक्षा ती तिकडच्याच एखाद्या खेळाडूला विकून टाकणे स्वस्त पडते.