शूशनच्या मेजवानीचा सातवा दिवस

इसवी सनपूर्व 483. पर्शियन साम्राज्यातल्या शूशनचा राजवाडा. तुम्ही राजाच्या दफ्तरातले लेखनिक आहात आणि आज तुमचा बोरू कोरडा आहे, कारण सगळं शहरच मेजवानीला बसलंय. 180 दिवस सरदार-सुभेदारांना वैभव दाखवून झालं. मग सात दिवस शूशनमधल्या लहानथोरांची पाळी आली. आजचा शेवटचा.

वर बघा. पांढरे-निळे पडदे चांदीच्या कड्यांनी संगमरवरी खांबांना अडकवलेत. खाली रंगीत दगडांची फरसबंदी, तिच्यावर सोन्या-रुप्याचे मंचक. हा वाडा बांधताना आधीच्या राजाने, दारयावेशाने, लेबनॉनहून देवदार, सार्डिसहून सोनं आणि सिंधमधून हस्तिदंत आणवलं होतं. आज इथे त्याचा मुलगा बसलाय: अहश्वेरोश, ज्याला ग्रीक झर्क्सिस म्हणतात, सिंधपासून कूशपर्यंतच्या 127 प्रांतांचा धनी.

तुमच्या हातात सोन्याचा पेला आहे, शेजाऱ्याचा वेगळ्याच घडणीचा. पिण्याची सक्ती कोणालाच नाही. तसा राजाचाच हुकूम आहे: ज्याला जेवढी हवी, तेवढीच द्या. आत वाड्यात वश्ती राणीने बायकांची पंगत बसवलीय.

राजाला चांगलीच चढली आहे. तो सात खोजांना हाक मारतो. राणीला मुकुट घालून इथे आणा, तिचं रूप लोकांना दाखवायचंय! पडदे दाखवून झाले, पेले दाखवून झाले, आता राणी. खोजे आत जातात. सगळ्यांच्या माना दाराकडे वळतात.

खोजे परत येतात ते एकटेच. राणीसाहेब येत नाहीत.

का? कोणी सांगत नाही. पुढे यहुदी धर्मगुरू, म्हणजे रब्बी, तर्क लढवतील की अंगावर फक्त मुकुट घालून ये, असा तो हुकूम होता. पण ही गोष्ट सांगणाऱ्या, बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात वश्तीच्या तोंडी एक शब्दही नाही. ज्या मेजवानीत पिण्याची सक्ती नाही, तिथे पिणाऱ्यांसमोर येण्याची सक्ती आहे आणि ती तिने मानली नाही, एवढंच तुम्हाला कळतं.

राजा संतापतो. पण आत जाऊन तिला विचारत नाही; विचारतो ते कायदा जाणणाऱ्या सात सरदारांना. ममुखान पुढे होतो. राणीने सगळ्या सरदारांचा आणि प्रजेचा अपमान केलाय, तो म्हणतो. हे बाहेर पसरलं की घरोघरच्या बायका नवऱ्यांना जुमानणार नाहीत. वश्तीने पुन्हा राजासमोर येऊ नये, तिचं पद दुसरीला द्यावं. राजाला पटतं. तुम्ही ओठ दाबून हसता. यायला तयार नसलेल्या बाईला शिक्षा काय, तर येऊ नकोस!

आता उचला बोरू. प्रत्येक प्रांताला त्याच्या लिपीत, प्रत्येक लोकांना त्यांच्या भाषेत लिहायचंय: पुरुषाने आपल्या घरात सत्ता चालवावी. शूशनहून सार्डिसला जाणाऱ्या राजमार्गावर 111 ठाणी आहेत, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहून ठेवील. खलिते घेऊन जासूद निघतात. जी बातमी पसरायची ममुखानला धास्ती, तीच आता सरकारी खर्चाने गावोगाव पोहोचणार.

आता आजच्या काळात या. हेरोडोटस झर्क्सिसच्या राणीचं नाव अमेस्ट्रिस सांगतो आणि अनेक अभ्यासक एस्तेरचं पुस्तक इतिहासापेक्षा कथाच मानतात. पुरीमच्या सणाला जगभरच्या यहुदी प्रार्थनास्थळांत ते वाचलं जातं. आपल्या बेने इस्राएल मंडळींचाही तो सण आहे. त्या वाचनाची सुरुवात याच मेजवानीने होते. पुढे वश्तीच्या जागी राणी झालेली एस्तेर न बोलावता राजासमोर जाते आणि आपल्या यहुदी लोकांना वाचवते. तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण या राजाचा शब्द मोडता येतो हे आधी वश्तीने दाखवलं, आणि एस्तेरला राणीपद मिळालं, वश्तीचं गेलं.