बदलापूर चुकली म्हणून टिटवाळा?

"फास्ट सुटली तर स्लो पकडायची, त्यात कसला कमीपणा?" गेल्या पावसाळ्यात बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात हा निकाल लागला. नदीचं पाणी वाढतंय म्हणून तळमजल्यावरचे लोक फ्रिज विटांवर चढवत होते आणि आम्ही वरचे मदतीच्या नावाखाली गप्पा मारत होतो. विषय लोकलचा नव्हताच. शेजारणीची मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली, लग्न होऊन फ्लोरिडाला गेली, तिथे नोंदणीकृत नर्स, म्हणजे आरएन, होण्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा दिली आणि नापास झाली. तिला कोणीतरी सांगितलं, आरएन जमत नाही तर खालची दे, प्रॅक्टिकल नर्सची, एलपीएनवाली. सोपी असते. लायसन्स तर हातात येईल, वरची पुढे बघू. जिन्यातल्या सगळ्यांना हे पटलं. मला नाही पटलं. पण पाणी वाढत होतं, म्हणून तेव्हा गप्प बसले.

पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडन करणं हे भांडण झालं, म्हणून आधी तो मांडते. नर्सिंग ही एक शिडी आहे. वर बी.एस्सी., मध्ये जीएनएम, खाली एएनएम; तिकडे वर आरएन, खाली एलपीएन. वरच्या पायरीला जे ज्ञान लागतं त्याचाच छोटा डोस खालच्या पायरीला पुरतो. तेव्हा जी वरच्या परीक्षेत थोडक्यात घसरली ती खालच्या परीक्षेत आरामात तरेल. सोय कायद्यातही आहे: फ्लोरिडाच्या नर्सिंग कायद्यात आरएनच्या शिक्षणातले समकक्ष विषय एलपीएनच्या पात्रतेसाठी धरता येतात. शिवाय आकड्यांचा पुरावा. एनक्लेक्सची उत्तीर्णतेची रेषा आरएनला 0.00 लॉजिट (काठिण्याचं माप) आणि पीएनला, म्हणजे एलपीएनच्या परीक्षेला, उणे 0.18. म्हणजे खालची सोपी, हे परीक्षा घेणारेच सांगतात.

आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण मराठी माणूस आकडा ऐकला की मान डोलावतो. ही दोन मापं एकाच फूटपट्टीवरची नाहीत. आरएनचे प्रश्न वेगळे, पीएनचे वेगळे, आणि प्रत्येकाची काठिण्यपातळी त्या-त्या परीक्षेला बसणाऱ्यांवरून ठरवलेली. कल्याणच्या फलाटाची उंची आणि कर्जतच्या फलाटाची उंची आपापल्या रुळांपासून मोजायची आणि मग कर्जत कल्याणपेक्षा उंचावर आहे म्हणायचं, तसलं हे गणित.

आता शिडी. अमेरिकेतली प्रॅक्टिकल नर्स ही आरएनची धाकटी बहीण म्हणून जन्मलीच नाही. 1890च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वायडब्ल्यूसीएच्या बॅलार्ड स्कूलने सुमारे तीन महिन्यांचा वर्ग काढला तो घरोघरी आजारी, म्हातारी माणसं आणि लहान मुलं सांभाळण्यासाठी. इस्पितळातल्या नर्सेसची शाळा वेगळी आणि ही वेगळी. आजही एलपीएनचा सर्वांत मोठा मालक म्हणजे वृद्धांची शुश्रूषा-केंद्रं. आपल्याकडे उगम निराळा, पण गोष्ट तीच. 1946च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात साधारण 43,000 माणसांमागे एक नर्स होती. त्या दुष्काळातून पुढे सहायक परिचारिका-प्रसविका, म्हणजे एएनएम, हा वर्ग निघाला. पहिला अभ्यासक्रम 1951 साली पंजाबात सेंट मेरीज इस्पितळात सुरू झाला. नावात 'सहायक' बसलं आणि तिथेच घात झाला. लोक त्याचा अर्थ 'अर्धी नर्स' असा करू लागले.

मी स्वतः एएनएम म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हा 'अर्धी'चा हिशेब मला चांगला ठाऊक आहे. सपाटीवर 5,000 आणि आदिवासी-डोंगरी भागात 3,000 लोकवस्तीला एक उपकेंद्र, आणि तिथे सबकुछ नर्सबाई. एकदा माझ्याकडे जीएनएम झालेली एक हुशार मुलगी कंत्राटावर आली. सलाइन लावण्यात माझ्यापेक्षा सरस. पहिल्याच लसीकरणाच्या दिवशी तिने डीप फ्रीझरमधून चार आइसपॅक काढले, दगडासारखे, आणि थेट व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये उभे केले. मी हात धरला. आइसपॅक आधी बाहेर ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, मग कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच कॅरिअरमध्ये. नाहीतर पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस-बी, टीडी गोठतात आणि गोठलेली लस पुन्हा वितळली तरी कामाची राहत नाही. दिसते मात्र जवळपास तशीच. मुलीचा चेहरा पडला. तिचा दोष नव्हता. वॉर्डात लस फ्रिजमधून निघून दहा पावलांवर टोचली जाते. पाच किलोमीटरवरच्या पाड्यापर्यंत तिला दोन ते आठ अंशांत कसं न्यायचं, हा प्रश्न वॉर्डात पडतच नाही. तीन वर्षं शिकलेल्या त्या मुलीपेक्षा दोन वर्षंवालीला इथे जास्त येत होतं, कारण काम दुसरं होतं.

एनक्लेक्सचंही तसंच. आरएनच्या परीक्षेत विचारतात: रुग्णाची पहिली तपासणी करून निष्कर्ष काढ, शुश्रूषेची योजना आख, कोणतं काम कुणावर सोपवायचं ते ठरव. पीएनच्या परीक्षेत माहिती गोळा कर, आरएनने शिकवलेलं रुग्णाकडून पक्कं करून घे, आणि बदल दिसला की वेळेत कळव. आरएनच्या अभ्यासावर घासलेली मुलगी पीएनला बसली की नेमकी इथे फसते. ती पुढे होऊन निर्णय घेणारा पर्याय निवडते आणि तिथे बरोबर उत्तर असतं 'आरएनला कळवणे'. जादा शहाणपणाचे गुण नाहीत. आपल्या अधिकाराची हद्द ओळखणं हाच त्या परीक्षेचा मुख्य विषय आहे, आणि वरून खाली येणाऱ्याला हद्द दिसणं सगळ्यात अवघड.

कॅनडाने हे ओळखलं. 2015 पासून तिथे आरएनसाठी अमेरिकेचीच एनक्लेक्स-आरएन घेतात. मग प्रॅक्टिकल नर्ससाठीही तिकडचीच परीक्षा उचलणं सोपं होतं. तसं झालं नाही. 2022 मध्ये ओंटारिओ आणि ब्रिटिश कोलंबियात रेक्स-पीएन ही वेगळी परीक्षा आली, कारण तिथली प्रॅक्टिकल नर्स अमेरिकेतल्या एलपीएनहून वेगळं काम करते. एकाच दुधाची ही साय आणि ते ताक असतं, तर एवढा खटाटोप कोण करतं?

व्यवहाराचा मुद्दा जिन्यात कुणी काढला नाही, पण बदलापुरात बसून अमेरिकेची स्वप्नं पाहणाऱ्या मुलींसाठी तोच सगळ्यात मोठा. तिथल्या श्रम खात्याच्या 'शेड्यूल ए' यादीत 'प्रोफेशनल नर्स' आहेत. त्यांच्यासाठी ग्रीन कार्डाच्या वेळी मालकाला स्थानिक माणूस मिळत नसल्याची वेगळी सिद्धता द्यावी लागत नाही. एलपीएन त्या यादीत नाही. म्हणजे इथून जाऊ पाहणारीने आरएन सोडून पीएन दिली, तर सुटलेल्या बदलापूरऐवजी ती टिटवाळा लोकलमध्ये बसली. कल्याणपर्यंत सगळं ओळखीचं वाटेल. पुढे रूळच फुटतात.

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत. "बी.एस्सी. झालेली पोर आणि एलपीएन? नाक कापलं!" यांच्याशी माझं पटल्यासारखं वाटेल, पण ते तर पहिल्यांचेच सख्खे भाऊ. दोघांच्याही डोक्यात शिडीच. एक म्हणतो खाली उतरायला हरकत नाही, दुसरा म्हणतो उतरायचं नाही. मी म्हणते, ज्याचं घर टिटवाळ्याला आहे त्याने टिटवाळा लोकलच पकडावी आणि ताठ मानेने पकडावी. जी आधीच तिथे आहे, जिला कामाची परवानगी आहे, जिचं मन म्हाताऱ्यांत रमतं, तिने पीएन जरूर द्यावी; फक्त तिचा अभ्यास मुळापासून वेगळा करावा. आणि कल्याणला उतरून गाडी बदलता येते, हेही मान्य. तिथल्या वॉर्डात वर्षभर काम केलं की कान तयार होतो: आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनलिन म्हणजे एपिनेफ्रिन. याचा उपयोग आरएनला होईल. पण आरएनची परीक्षा तरीही द्यावीच लागेल. एलपीएनच्या लायसन्सने तिच्यातला एक प्रश्नही कमी होत नाही.

नापास होणं म्हणजे काय, हेही जिन्यात कुणाला ठाऊक नव्हतं. ही परीक्षा संगणक जागच्या जागी बेततो. किमान 85, कमाल 150 प्रश्न. उत्तर बरोबर आलं की पुढचा कठीण, चुकलं की सोपा, आणि मुलगी रेषेच्या वर की खाली याची यंत्राला 95 टक्के खात्री पटली की पडदा बंद. आपल्यासारखी 'दोन मार्कांनी गेली'ची भाषा तिथे नाही. पण नापास झालेलीला एक अहवाल मिळतो: कोणत्या विभागात रेषेच्या वर, कोणत्यात रेषेच्या जवळ, कोणत्यात खाली. साधारण 45 दिवसांनी पुन्हा बसता येतं. फ्लोरिडात लागोपाठ तीनदा गेलं तर मात्र उजळणीचा मान्यताप्राप्त वर्ग करावा लागतो. म्हणजे एकदा नापास झालेलीने आधी तो अहवाल वाचावा, परीक्षा बदलायची भाषा नंतर.

पाणी ओसरल्यावर शेजारीण म्हणाली, "ताई, तुम्हीच बोला तिच्याशी." व्हिडिओ कॉल लावला. मुलीने अहवाल मोबाइलवर धाडला. औषधांचा विभाग रेषेच्या जवळ, संसर्ग-नियंत्रण वर, आणि 'मॅनेजमेंट ऑफ केअर', म्हणजे आधी काय आणि कुणाकडे हे ठरवणं, सपशेल खाली. मी म्हटलं, बरं, समजा तुझ्याकडे चार रुग्ण आहेत. एकाला उद्या घरी सोडायचंय, एकाचं ड्रेसिंग बदलायचंय, एकाची साखर थोडी वाढलीय, आणि थायरॉइडच्या ऑपरेशनहून काल आलेली बाई म्हणतेय ओठांभोवती मुंग्या येतायत. आधी कुणाकडे जाशील?

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मावशी, आधी चौघांचं बीपी घेईन ना."