संप दोन आठवड्यांचा, टाळेबंदी पाच वर्षांची



आमचे बहुतेक आयुष्य संप आणि टाळेबंदी या दोन शब्दांतच गेले. १९८२ च्या गिरणी संपात आमच्या वडिलांचे काम गेले आणि सातवीच्या वर्गातली आमची जागा रिकामी झाली. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, हाती येईल त्या पुस्तकातून. तेव्हा हायस्कुलाविषयी बोलण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील तर उत्तर एवढेच की, ज्याला शाळेच्या दाराबाहेर राहावे लागले त्याला त्या दाराची किंमत जरा अधिक कळते. आज एका लहान गावातल्या सरकारी हायस्कुलाची हकीकत सांगावयाची आहे. तेथल्या मुलांनी संप केला, आणि आठ वर्षांनी कारभाऱ्यांनी तेथल्या सगळ्या सरकारी शाळांनाच टाळे ठोकले.

गावाचे नाव फार्मव्हिल. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे स्वतःचे कर बसविणारा परगणाच म्हणा ना. त्याचे हे मुख्य ठिकाण, तंबाखूच्या बाजाराचे. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली १८६५ च्या एप्रिलात माघार घेत याच गावातून गेला आणि दोन दिवसांनी जवळच अ‍ॅपोमॅटॉक्स येथे शरण आला. अमेरिकेतील त्या मुक्तीचे मोल आपल्या जोतीराव फुल्यांनी ओळखले होते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच अर्पण केले. परंतु बेड्या तुटल्या तरी शाळेची दारे दोनच राहिली, एक गोऱ्यांचे आणि एक काळ्यांचे. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एका शाळेत शिकवू नये, असे व्हर्जिनियाच्या १९०२ च्या राज्यघटनेतच लिहून ठेवले होते.

काळ्या मुलांचे हायस्कूल १९३९ साली बांधले गेले. त्याला रॉबर्ट मोटन या शिक्षणतज्ज्ञाचे नाव होते. इमारत १८० मुलांसाठी; १९५०-५१ साली तीत साडेचारशेहून अधिक मुले बसत होती. व्यायामशाळा नाही, उपाहारगृह नाही, प्रयोगशाळा नाही. गोऱ्यांच्या हायस्कुलात हे सारे होते. पालकांनी मागणी केली, अर्ज केले, मंडळाच्या बैठकींना खेटे घातले. उत्तरादाखल मिळाल्या त्या लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्या. हिवाळ्यात शेगडीजवळचे मूल भाजून निघे आणि दाराजवळचे अंगावर कोट घेऊन कुडकुडे. पावसात छत गळे. एकाच सभागृहात दोन-तीन वर्ग एकदम भरत. गोऱ्यांच्या शाळेला नकोशा झालेल्या बसगाड्या इकडे येत.

आणि तरीही ती शाळा जिवंत होती. तेथे गायनवृंद होता, नाटकमंडळ होते, विद्यार्थी परिषद होती. बार्बरा जॉन्स नावाची सोळा वर्षांची मुलगी या सगळ्यांत असे. अशा कार्यक्रमांच्या निमित्ताने तिने परगावच्या शाळा पाहिल्या आणि आपल्या शाळेत काय नाही ते तिला कळले. गाणे आणि नाटक म्हणजे अभ्यासातली खोटी, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एके दिवशी तिची बस चुकली. ती रस्त्यावर उभी असताना गोऱ्या मुलांची अर्धी रिकामी बस तिच्यासमोरून निघून गेली. तिने आपले दुःख संगीताच्या शिक्षिकेजवळ बोलून दाखविले, तेव्हा बाईंनी उलट विचारले, मग तू त्याबाबत काही करीत का नाहीस?

तिने केले. निवडक मुले जमविली, महिनोन्‌महिने गुप्तता पाळली, फलक रंगवून लपवून ठेवले. आम्ही पुष्कळ संप पाहिले; इतकी शिस्त मोठ्या माणसांच्या संपातही नेहमी दिसत नाही. २३ एप्रिल १९५१ रोजी हेडमास्तरांना निरोप गेला की, बसस्थानकावर आपली दोन मुले अडचणीत सापडली आहेत. ते तिकडे गेले आणि इकडे सभेच्या चिठ्ठ्या वर्गावर्गांतून फिरल्या. सभागृहाचा पडदा उघडला तो व्यासपीठावर बार्बरा उभी! तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली आणि मुलांना संपाची हाक दिली. तुरुंगाची भीती निघाली तेव्हा उत्तर तयार होते की, आपण सगळे मावू एवढा फार्मव्हिलचा तुरुंग मोठा नाही. सारी शाळा बाहेर पडली. नवी शाळा द्या, नाहीतर शाळाच नको, अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. कारभारी पुढे तिचा दुसरा अर्धा भाग खरा करून दाखवतील, हे त्या पोरांना काय ठाऊक!

मुलांनी रिचमंड येथील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांना पत्र लिहिले. वकील आले आणि म्हणाले, नुसती नवी इमारत मागणार असाल तर आम्ही नाही. दोन दारांची पद्धतच मोडावयाची असेल तर आम्ही लढू. रेव्हरंड ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये पालक जमले आणि त्यांनी होकार दिला. दोन आठवड्यांनी मुले वर्गात परतली, आणि २३ मे रोजी ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. हेडमास्तरांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. बार्बराला जिवाच्या भीतीने दूर अलाबामात काकांकडे धाडावे लागले.

१९५३ साली काळ्यांसाठी नवी इमारत उभी राहिली. दारे मात्र दोनच. पुढे हा दावा ब्राऊन खटल्यात सामील झाला आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. त्या खटल्यातल्या दाव्यांपैकी मुलांच्या संपातून निघालेला हा एकच.

श्रोतेहो, गोष्ट येथे संपली असती तर आम्ही ती सांगावयास आलो नसतो. १९५९ साली कोर्टाचा हुकूम आला की, त्याच सप्टेंबरपासून मुले एकत्र बसवा. तेव्हा परगण्याच्या मंडळाने ठरविले की, सरकारी शाळांना पैसाच द्यावयाचा नाही. सगळ्या सरकारी शाळा बंद झाल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. तिला काही काळ सरकारी पैशाचाही हातभार लागला. फी न परवडणाऱ्या गरीब गोऱ्यांची काही मुलेही घरी बसली, आणि सुमारे १७०० काळ्या मुलांना शाळा उरली नाही. काही नातलगांकडे परगावी गेली, काही चर्चच्या तळघरात चार अक्षरे शिकली, काही शेतावर कामाला लागली. १९६३ साली देणग्यांवर मोफत शाळा उघडल्या. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि त्या वर्षी सरकारी शाळांची टाळी निघाली. १९५९ साली सहा वर्षांचे असलेले मूल तोवर अकरा वर्षांचे झाले होते.

आता हिशेब मांडू. संप केला मोठ्या मुलांनी. किंमत भरली ती १९५१ साली पाळण्यात असलेल्यांनी, काही तर जन्मलीही नव्हती त्यांनी. मग संप चुकला काय? हा प्रश्न आम्हाला परका नाही. संप केलात म्हणून पोराची शाळा गेली, हे आमच्या वडिलांना चाळीत वर्षानुवर्षे ऐकावे लागले. एकदा रागाच्या भरात आम्हीही त्यांना तेच बोललो. ते काही बोलले नाहीत. ताटावरून उठून गेले. पुष्कळ वर्षांनी प्रिन्स एडवर्डची हकीकत वाचताना ते ताट आठवले. मुलांनी मागितली होती शाळा; टाळे लावले ते दुसऱ्यांनी. टाळे ज्याने लावले त्याच्याच खात्यावर ते मांडले पाहिजे, मागणाऱ्याच्या नव्हे. हे वडिलांना सांगावयाचे राहून गेले.

बार्बरा पुढे ग्रंथपाल झाली आणि १९९१ साली वारली. टाळेबंदीत शिक्षण बुडालेल्यांना २००३ साली, केस पांढरे झाल्यावर, मानाची प्रमाणपत्रे मिळाली. मोटन हायस्कुलाच्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे. वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने १९०९ पासून उभा असलेला रॉबर्ट लीचा पुतळा २०२० च्या डिसेंबरात हलविण्यात आला आणि त्या जागेसाठी बार्बरा जॉन्सची निवड झाली.

फार्मव्हिलमध्ये शाळा मोडता आली, कारण ज्यांच्या हाती कर होता त्यांची मुले तीत उरली नव्हती. आपल्या नगरपालिकेच्या शाळेत आपल्यापैकी कितीजणांची मुले आहेत, हे घरी जाताना ज्याने त्याने मनाशी मोजावे. ती शाळा अद्याप उघडी आहे. तिच्या पुढल्या पालकसभेला आम्ही जाणार आहोत. आपणही यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.